नऊ खणांची पेटी

आमच्या कारखान्यात चूक झाली की ती लाकडाची असते, हवेची असते, नाहीतर गिऱ्हाइकाची. माझी नसते. निदान चौतिसाव्या वर्षापर्यंत तरी नव्हती, आणि ही गोष्ट मी चारचौघांत मान ताठ करून सांगायचे.

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. एक लांबट खोली, दोन कामाची टेबलं, करवतीचं एक यंत्र, भिंतीवर हत्यारं आणि कोपऱ्यात भुसा. काका इथं चाळीस वर्षं पेट्या करतात. डॉक्टरांच्या हत्यारांची पेटी, घड्याळजीच्या स्क्रूंची पेटी, बुद्धिबळाची पेटी. प्रत्येक पेटीला आत खण, आणि खणात वस्तू अशी बसायला हवी की पेटी उलटी केली तरी खडखड होता कामा नये. आतल्या वस्तूही आम्हीच करायच्या असतील तर आमची पद्धत उरफाटी असते. आधी पेटी, मग वस्तू. घर तयार असलं की माणूस त्यात बरोबर मावतो, असं काकांचं म्हणणं. काकू याला 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' म्हणते, पण ती कारखान्यात फक्त चार वाजता चहा घेऊन येते, त्यामुळे तिचं कोणी मनावर घेत नाही.

मी काकांची पुतणी. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. ते मला 'ठिणगी' म्हणतात. लाकडाच्या कारखान्यात हे काही लाडाचं नाव नव्हे.

यंदा काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. वर्षाअखेर काम थांबवायचं, असं त्यांनी ठरवलं. मग कारखान्याचं काय? शेजारी गादीवाला आहे. त्याच्या गाद्या दुकानात मावत नाहीत, फुटपाथवर येऊन पडतात, आणि आमच्या खोलीवर त्याचा डोळा कधीपासूनचा. मी होतेच की हक्काची. पण काका माझ्याकडे बघायचे आणि विषय बदलायचे. शेवटी एकदा मी विचारलंच, माझ्या कामात काय खोट आहे?

"हातात काही खोट नाही," काका म्हणाले. "सांधा तू माझ्यापेक्षा घट्ट बसवतेस. पण ते स्टूल आठव."

ते स्टूल मागच्या वर्षीचं. गिऱ्हाईक परत घेऊन आला, डुगडुगतंय म्हणाला. मी म्हटलं, स्टूल डुगडुगत नाही, तुमची फरशी वाकडी आहे. तो ऐकेना, तेव्हा मी पाणसळ घेऊन त्याच्या घरी गेले आणि फरशीवर ठेवून त्याला बुडबुडा दाखवला. फरशी वाकडी निघालीच. स्टुलाचा एक पायही आखूड निघाला, पण तो अगदी किंचित. तो माणूस पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," काका म्हणाले.

"अंगण खरंच वाकडं होतं!"

"हेच. अगदी हेच. तुझ्या जिभेला 'चुकलं' हा शब्दच माहीत नाही. असल्या माणसाच्या हाती कारखाना दिला तर वर्षभरात गादीवाल्यालाच द्यावा लागेल. मग आत्ताच का देऊ नये?" माझा चेहरा बघून ते जरा निवळले. "एक काम तू घे. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं. मी मधे पडणार नाही. कसं निभावतेस बघू, मग ठरवू. गादीवाल्याला मी थांबायला सांगतो."

त्याच आठवड्यात शाळेचं पत्र आलं. गणिताच्या बाईंना वर्गासाठी लाकडी त्रिकोण हवे होते, चाळीस संच. 'त्रिकोणांचे बाजूंवरून तीन प्रकार आणि कोनांवरून तीन प्रकार पडतात. सर्व प्रकार मुलांना हाताळता येतील असे करून द्यावेत.' मी पत्र टेबलावर ठेवलं आणि पेन्सिल घेतली. बाजूंवरून म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला समभुज, दोन सारख्या असलेला समद्विभुज, आणि एकही बाजू दुसरीसारखी नसलेला विषमभुज. कोनांवरून म्हणजे तिन्ही कोपरे लहान असलेला लघुकोन, एक कोपरा गुण्यात, म्हणजे सुताराच्या काटकोनी मापात, बरोबर बसणारा काटकोन, आणि एक कोपरा त्याहून फाकलेला विशालकोन. मी तीन आडव्या ओळी मारल्या, तीन उभ्या मारल्या.

"नऊ!" मी म्हटलं.

काका पलीकडे रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "तीन त्रिक नऊ."

तो कागद इतका देखणा दिसत होता की काही विचारू नका. तीन गुणिले तीन, चौकोनी पेटी, नऊ सारखे खण. वरच्या ओळीत समभुज, मधे समद्विभुज, खाली विषमभुज. असलं सुबक काही चुकीचं असू शकतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तीन आठवड्यांत मी चाळीस पेट्या उभ्या केल्या. झाकणांवर निळ्या रंगात अक्षरं काढली, 'त्रिकोणांचे नऊ प्रकार'. काकू चहा घेऊन आली तेव्हा मी एक पेटी तिच्यापुढे धरली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण रिकामीच आहे की."

"त्रिकोण आता करायचे आहेत."

"अस्सं," ती म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.

त्रिकोणांना मी मधल्या ओळीपासून सुरुवात केली. दोन सारख्या बाजूंचे झाले, त्यातला एक निमुळता, एक गुण्यात चपखल, एक पाय पसरून बसलेला. मग खालच्या ओळीतले, तिन्ही बाजू तीन तऱ्हांच्या. तेही तिन्ही झाले. मग वरची ओळ घेतली. समभुज लघुकोन झटक्यात झाला. एकूण दोनशे ऐंशी तुकडे, कडा घासून, मेण लावून, खणात टाकले की 'टक्' आवाज करून बसणारे. मंगळवारी सकाळी मी आठव्या खणाला हात घातला. समभुज आणि काटकोन.

गुण्या लावला, दहा सेंटिमीटरच्या दोन बाजू आखल्या, टोकं जोडली. तिसरी बाजू भरली चौदाच्या वर. मी म्हटलं, हात हलला असेल. पुन्हा आखलं. पुन्हा चौदा. मग पहिल्या दोन बाजू लहान केल्या. तिसरीही लहान झाली, पण तरी त्यांच्या पुढेच. मोठ्या केल्या, तर तीही मोठी झाली. मी पेन्सिलीला टोक केलं. पट्टी बदलली. दुपारपर्यंत माझी खात्री झाली की गुण्याच झिजलाय, म्हणून बाजारात जाऊन नवा गुण्या आणला. नव्या गुण्यालाही जुन्याचीच फूस होती.

काकांनी मधे न पडण्याचा शब्द दिला होता. तो त्यांनी बुधवारी सकाळी दहापर्यंत पाळला.

"सरक," ते म्हणाले. "चाळीस वर्षं काटकोन करतोय मी. माझ्या हातून न झालेला काटकोन अजून जन्माला यायचाय."

"काटकोन मलाही होतोय. बाजू सारख्या होत नाहीयेत."

"मग आधी बाजू सारख्या करायच्या! एवढं साधं कसं कळत नाही?" त्यांनी तीन पट्ट्या घेतल्या, एकत्र धरून एका फटक्यात कापल्या, म्हणजे केसाचाही फरक नको. दोन पट्ट्या गुण्यात धरून ठोकल्या. तिसरी एका टोकाला ठोकली आणि दुसऱ्या टोकाकडे नेली. ती पोचेना. चार बोटं अंतर राहिलं. काकांनी पट्टीकडे असं पाहिलं, जणू घरातल्याच माणसानं ऐन वेळी दगा दिला. मग त्यांनी जोर लावला आणि काटकोन मिटला. काटकोन सरळ केला आणि पट्टी सुटली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी एक पातळ फळी वाफेवर धरून, वाकवून, कसाबसा एक नमुना माझ्या हातात ठेवला. एका बाजूला हे एवढं पोट आलं होतं.

"हा त्रिकोण आहे की जेवून उठलेला माणूस?" मी विचारलं.

"त्रिकोणाच्या बाजू सरळच हव्यात असं पत्रात लिहिलंय का?"

"काका!"

गादीवाला दारात येऊन उभा होता. तोंडानं आमची चौकशी चालली होती, नजर मात्र खोलीभर फिरत होती, शिलाईचं मशीन कुठं बसेल याचा अंदाज घेत. "लाकूड आडमुठंच," तो म्हणाला. "मोडेल पण वाकणार नाही. माझ्याकडे द्या, गादीत शिवून देतो. दाबली की कशीही बसते." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे काही न बोलता गाद्यांकडे परतला.

पण आतून माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. शाळेला गुरुवारी नमुना दाखवायचा होता. चाळीस पेट्यांवर 'नऊ' लिहिलेलं होतं, आणि प्रत्येकीत दोन खण आ वासून बसले होते. हे काम बुडालं तर काकांना पुढे काही बोलावंही लागणार नव्हतं. गादीवाला मशीन घेऊन येईल आणि मी हत्यारं पिशवीत भरून घरी जाईन. बारा वर्षं या भुशात काढली मी. मला दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं.

चार वाजता काकू चहा घेऊन आली. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून बसलो होतो.

"घोडं कुठं पेंड खातंय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. काकांनी माझं सांगणं दुरुस्त केलं, मी त्यांचं केलं. काकूनं पोट आलेला नमुना उचलला, बघितला आणि अलगद खाली ठेवला. मग कारखान्याच्या दाराकडे गेली. दार एकपाखी आहे, बाहेर उघडतं.

"हे दार किती रुंद आहे?"

"उंबरठ्याएवढं," काका वैतागून म्हणाले. "दार उंबरठ्याएवढंच असतं."

"म्हणजे दोन बाजू सारख्या झाल्या. बिजागरीपाशी तुमचा कोपरा." तिनं खुंटीवरची दोरी काढली आणि दाराच्या रुंदीएवढी मोजून गाठी मारल्या. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं समोरच्या चौकटीतल्या कोयंड्याला. "ही तिसरी. तीही तेवढीच. आता उघडा दार, तुमचा काटकोन होईपर्यंत."

काकांनी दार ढकललं. ते थोडं गेलं, दोरी ताणली, दार थांबलं. मी बिजागरीपाशी दाराखालून उंबरठ्याला नवा गुण्या लावला. गुण्याची दुसरी कड आणि दार यांच्यामधे माझा अख्खा हात मावत होता. काकांनी खांदा लावला. चौकट करकरली.

"दार मोडेल, कोन व्हायचा नाही," काकू म्हणाली. "दोरी सोडते. बघा." तिनं गाठ सोडून दोरी लांब केली, तसं दार सरळ गुण्याच्या कडेवर येऊन थांबलं. अजून लांब केली, तर त्याच्याही पलीकडे गेलं. "कोपरा फाकला की त्याच्या समोरची बाजू लांबणारच. मग ती बाकीच्या दोघींएवढी कुठं राहिली? तिघी सारख्या हव्यात, तर तिन्ही कोपरेही सारखेच राहणार, आणि लहानच राहणार. त्यात एकीला जास्त ऐसपैस बसायचं म्हटलं तर कसं चालेल?"

मी दोरीकडे बघत होते, काका गुडघे चोळत होते. आठवा त्रिकोण नव्हता. नववा तर त्याहून फाकलेला, म्हणजे तो मुळीच नव्हता. दोन दिवस आम्ही जगात नसलेल्या वस्तूसाठी लाकूड कापत होतो. मला आधी प्रचंड राग आला आणि मग इतकं हसू आलं की मी भुशाच्या ढिगावरच बसले. काकाही हसले, पण थोडंच.

"मग आता?" काकूनं विचारलं.

"काम तिचं आहे," काका म्हणाले. "मी मधे पडणार नाही."

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी एक पेटी बगलेत मारून निघाले. काकाही निघाले, हवा खायला म्हणे. वाटेत मी मनात भाषण पाठ करत होते. 'तुमच्या पत्रात सर्व प्रकार असं मोघम लिहिलं होतं' इथून ते सुरू होत होतं. पत्र खरंच मोघम होतं, हे मी अजूनही म्हणते.

बाई रिकाम्या वर्गात वाट बघत होत्या. सुतार पेन्सिल खोचतो तसा त्यांनी कानामागे खडू खोचलेला. काका मागच्या बाकावर बसले, गुडघे पार हनुवटीला आले. बाईंनी पेटी उघडली. एकेक तुकडा बाहेर काढला, कागदाचा कोपरा त्याच्या तिन्ही कोपऱ्यांना लावून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं, परत खणात ठेवला. टक्. टक्. सातव्यांदा टक् झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. मग त्यांचं बोट आठव्या खणात गेलं.

"इथलं काय झालं?"

मी तोंड उघडलं. भाषण जिभेवर तयार होतं. पण समोर ते सात तुकडे होते आणि त्यांतला एकही खोटा नव्हता. एकाचीही कड मी चोरून घासलेली नव्हती. त्यांच्या शेजारी बसून सबबी सांगायची मला लाज वाटली, खरंच लाज वाटली.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक आला की बाई म्हणाल्या, "काय?" आयुष्यात पहिल्यांदा म्हणायचं आणि तेही दोनदा!

"चुकलं माझं. तीन गुणिले तीन केलं आणि विचार न करता पेट्या केल्या. हे दोन त्रिकोण होतच नाहीत. चाळीसही पेट्यांवर नऊ लिहिलंय." एकदा सुरू झाल्यावर मग मला थांबताच येईना. गुण्या, पोट आलेला नमुना, काकूची दोरी, सगळं सांगून टाकलं.

बाई मागे बघत होत्या. मीही वळले. काकांनी बाकावरून हात वर केला होता.

"बाई, नऊ मीपण म्हणालो होतो."

"हात खाली करा," बाई सवयीनं म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या. पेटी त्यांनी पुन्हा आपल्याकडे ओढली. रिकाम्या दोन्ही खणांवरून बोट फिरवलं.

"झाकणावरचं नऊ पुसून सात करा," त्या म्हणाल्या. "खण मात्र बुजवू नका. चाळीस मुलं आहेत माझ्या वर्गात. खण दिसला की ती भरायला बघणार. कापतील, चिकटवतील, भांडतील, पण दोन दिवस मला कोणी काही विचारणार नाही. तिसऱ्या दिवशी मी दार उघडून दाखवीन. किंवा असं करा, त्या काकूंनाच पाठवून द्या."

घरी येताना मी दोनदा काकांकडे बघितलं. त्यांनी एका दुकानाच्या पाटीकडे बोट केलं आणि ती डावीकडे कलली आहे म्हणाले, बस. काही अंदाजच लागेना. मला वाटलं, सांगायचं कसं याची जुळवाजुळव चालली असेल. नऊ म्हणून चाळीस पेट्या करणाऱ्या पोरीला कोण कारखाना देतं? रात्री जेवताना काकू शाळेत कोणती साडी नेसू हे विचारत होती आणि मी माझी हत्यारं कुठल्या पिशवीत मावतील याचा हिशेब करत होते.

शुक्रवारी सकाळी मी चाळीसही झाकणं जमिनीवर मांडली. 'नऊ'वर पांढरा हात मारला, वाळल्यावर त्यावर 'सात' काढायला लागले. थोड्या वेळानं काका आले. गुडघे दुखत असताना खाली बसले, दुसरा कुंचला घेतला आणि पलीकडच्या टोकापासून अक्षरं काढायला लागले. त्यांचा 'सा' माझ्यापेक्षा गोल येतो. आम्ही काही न बोलता एकमेकांकडे सरकत होतो. मधे दहाएक झाकणं राहिली असतील, तेवढ्यात दारात गादीवाला उभा राहिला. हातात टेप होता.

"झालं का शाळेचं काम?" असं म्हणत तो आत आला आणि भिंतीला टेप लावून बघू लागला. "मग काय ठरलं काका? मशीन सोमवारी आणू का?"

काकांनी 'त'ची रेघ पुरी केली. मान वर केली नाही.

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "कारखाना तिचा आहे. तिला विचार."

डोळ्यांपुढची अक्षरं धूसर झाली. बारा वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती, त्याला द्यायची झणझणीत उत्तरंही ठरवून ठेवली होती, आणि आता एक सुचेल तर शपथ.

गादीवाला माझ्याकडे वळला. "काय मग? आणू का?"

मी डोळे पुसले, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि माझा आवाज परत आला.

"आधी तिथून बाजूला व्हा," मी म्हटलं. "माझ्या झाकणांवर उभे आहात तुम्ही."